डबा रिकामा द्यायचा नाही

"थांबा," परबबाई म्हणाल्या. मी पुढे केलेला डबा त्यांनी घेतला नाही. "रिकामाच?"

"धुतलाय, बाई."

"ते दिसतंय."

शिक्षकांच्या खोलीत आणखी दोघं वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण लाल पेनं थांबली. मी शाळेत नवी होते. आदल्या दिवशी माझा डबा दादरच्या खोलीवर राहिला होता. मधल्या सुट्टीत बाईंनी आपल्या आंबोळ्यांतल्या अर्ध्या मला खायला लावल्या आणि उरलेल्या, "संध्याकाळी लागतील, ठेवा," असं म्हणून डब्यासकट माझ्या हातात दिल्या. मी डबा घासून, पुसून, पिशवीत गुंडाळून आणला होता.

"काहीतरी घाला त्यात," बाई म्हणाल्या. "साखर, शेंगदाणे, काहीही."

माझ्या पर्समध्ये किल्ली, पास आणि रुमाल होता. हातात खडू होता. मी खडू डब्यात टाकला. तो स्टीलवर वाजला. बाईंनी झाकण लावलं.

"चालेल," म्हणाल्या.

दुपारी त्यांच्या वर्गावरून जाताना मी पाहिलं. फळ्यावर त्या त्याच खडूने लिहीत होत्या. डबा टेबलावर उघडा होता.

नलिनीताई परब यांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

बाई परळच्या आमच्या शाळेत आधी शिक्षिका होत्या, मग मुख्याध्यापिका झाल्या. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. आता त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि मला लेख मागितला, तेव्हा मी काळाचौकीला त्यांच्या चाळीत गेले. त्या सामान बांधत होत्या. चाळ पाडून नवी इमारत व्हायची आहे, सगळ्यांना आठवड्याभरात खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. बाई दादरला भाचीकडे जाणार आहेत.

"माझं कौतुक नको," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी जे सांगितलं ते मी केलं. लिहायचं तर त्यांचं लिही."

स्वयंपाकघरातली मांडणी मोकळी झाली होती. वरच्या फळीवर फक्त एक डबा होता. गोल, स्टीलचा, बुडावर टिंबटिंबांनी नाव कोरलेलं: कुंदा राणे. कुंदाताई समोरच्या खोलीत राहतात. मधे फक्त गॅलरी. त्या आणि बाई एका वयाच्या, एकाच चाळीत वाढलेल्या. तो डबा बाईंकडे कित्येक वर्षं आहे. मला डब्यात खडू टाकायला लावणाऱ्या बाईंना तो परत देता आलेला नाही. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी बाईंनी सांगितलं त्या क्रमाने.

बाईंचे वडील गिरणीत मागावर होते. त्यांच्या खात्यात भांडणं रोजची. ते मुलांना सांगायचे, माणूस ओरडत आला की आधी त्याला जेवलास का ते विचार, उपाशी माणसाचं बोलणं मनावर घेऊ नको. बाईंनी हे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून केलं. एका स्नेहसंमेलनाच्या आधी एक पालक दार ढकलून आत आले. खाकी कपडे, हातात हेल्मेट.

"माझ्या पोरीला झाड केलंय!" ते म्हणाले. "झाड! बाकीच्या पोरी राण्या आणि माझी पोर झाड?"

"जेवलात?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"जेवलात का, विचारते."

"ड्युटीवरनं डायरेक्ट आलोय मी."

"मग बसा."

बाईंनी स्वतःचा डबा उघडला. पोळी आणि भेंडीची भाजी होती. त्यांनी अर्धी भाजी झाकणात काढली. ते गृहस्थ नको नको म्हणत जेवले. पाणी प्यायले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण झाड का हो, बाई?"

"राजा दुसऱ्या प्रवेशात मरतो," बाई म्हणाल्या. "झाड शेवटपर्यंत स्टेजवर असतं."

संमेलनाच्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्या नाटकभर त्यांचा मोबाइल झाडाकडे रोखलेला होता. राजा कधी मेला ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

आपल्यापैकी अनेकांना जिन्याखालचा फळा आठवत असेल. शाळेत मोठा, रंगवलेला सुविचाराचा फळा होताच. त्यावर थोरामोठ्यांची वचनं लिहिली जायची आणि कुणी वाचायचं नाही. बाईंनी त्याच्या शेजारी एक छोटा फळा लावला. त्यावर मुलांनी आपापल्या घरचं वाक्य लिहायचं. आई, आजी, आजोबा, जे कोणी घरात काही सांगत असेल त्यांचं. एकच अट होती. वाक्य पुस्तकातलं नसावं, घरात खरोखर बोललं गेलेलं असावं.

मुलं लिहायला लागली. "आजोबा सांगतात, रांगेत उभं राहिल्यावर पुढच्याशी ओळख करून घ्यावी." "नानी सांगते, पाणी पिणाऱ्याला हाक मारू नये." "आई सांगते, रडायचं तर पीठ मळताना रडावं, हात थांबत नाहीत." हे शेवटचं वाक्य वाचून बाई त्या मुलीच्या घरी गेल्या होत्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे तिची आई पालकसभेला यायला लागली, एवढं आम्हाला दिसलं.

एकदा तपासणीला आलेले साहेब त्या फळ्यासमोर थांबले. त्या दिवशी पाचवीतल्या एकाचं वाक्य होतं: "पप्पा सांगतात, मम्मीला विचार."

"हा सुविचार आहे का, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"त्यांच्या घरात हाच चालतो, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब थोडा वेळ गंभीर राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडेही." पुढची तपासणी लवकर आटोपली.

बाईंच्या आईची शिकवण वेगळी होती. आजारी माणसाच्या घरी गेलीस तर खुर्ची शोधू नको, काम शोध. हे मी माझ्या घरी पाहिलं. माझ्या आईचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि ती माझ्याकडे दादरला होती. भेटायला माणसं येत. बसत. कसं कळलं, कधी कळलं, डॉक्टर काय म्हणाले, असं विचारत. आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगे आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राही.

बाई आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर मेथीची जुडी होती. ती त्यांनी निवडली. गॅसचा बर्नर पुसला. पडद्याची निसटलेली दोरी बांधली. मग हात पुसत आईजवळ आल्या.

"केस विंचरू का तुमचे?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. आजारपणात तिचे केस तसेच राहिले होते. मी औषधं देत होते, पथ्य सांभाळत होते. केसांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

बाईंनी तिला भिंतीला टेकवून बसवलं. बोटांना तेल लावून आधी गुंता सोडवला. घाई केली नाही. आईने डोळे मिटले. शेवटी बाईंनी एक सैल वेणी घातली आणि टोकाला स्वतःच्या केसांचं रबर काढून लावलं.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "मला काय झालंय ते त्यांनी विचारलंच नाही."

"हो."

"बरं वाटलं."

आई आता नाही. त्या दुपारचा उल्लेख ती पुढे बऱ्याचदा करायची, आणि दर वेळी हात वेणीकडे जायचा.

आता डब्याबद्दल.

भांड्याचा नियम बाईंच्या आजीचा. आजी मालवणकडून आलेली आणि शेवटपर्यंत मालवणीच बोलली. "भांडा रिकामा परत करू नको गो. देणाऱ्याचो हात रिकामो दिसता." बाई हे अजूनही आजीच्याच आवाजात सांगतात. ज्याने दिलं त्याचा हात आपण रिकामा दाखवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा नियम त्यांनी आणि कुंदाताईंनी लहानपणापासून पाळला. गॅलरीच्या या बाजूहून त्या बाजूला भांडी सतत जात-येत असत. काळ्या वाटाण्याचं सांबारं गेलं की त्याच वाटीतून घावणे येत. कुणाचं भांडं कुणाकडे आहे याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं, कारण ते कधी थांबायचंच नाही.

कुंदाताईंची मुलगी स्मिता बाईंची विद्यार्थिनी होती. मोठी झाल्यावर ती एक दिवस बाईंकडे आली. तिने लग्न ठरवलं होतं. मुलगा शीव कोळीवाड्याचा. घरी मान्य होणार नाही हे तिला माहीत होतं. तिने बाईंना सांगितलं आणि आईला सांगू नका म्हणाली.

बाईंनी तिची समजूत घातली. आईला तूच सांग, हवं तर मी शेजारी बसते, असं म्हणाल्या. ती हो म्हणायची आणि सांगायची नाही. वडिलांचं बाईंना आणखी एक सांगणं होतं: कुणी विश्वासाने सांगितलेलं आपल्या तोंडून बाहेर जाऊ देऊ नये. बाई गप्प राहिल्या. रोज कुंदाताईंबरोबर चहा घेत होत्या आणि गप्प होत्या. मग स्मिताने लग्न केलं आणि फोन करून कळवलं. बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं, "नलूमावशीला माहीत होतं."

त्या दिवशी कुंदाताईंचा डबा बाईंकडे होता. दोन दिवसांनी बाईंनी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि समोरचं दार वाजवलं. कुंदाताईंनी डबा हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं, झाकण लावलं आणि डबा परत केला. दार बंद झालं.

पुढे स्मिता माहेरी यायला लागली. जावई आला, नातू झाला. कुंदाताईंनी लेकीला माफ केलं. मैत्रिणीला केलं नाही. बाईंनी आणखी एक-दोनदा डबा भरून नेला. दार उघडलं नाही. भरलेला डबा घेतला जात नव्हता आणि रिकामा देता येत नव्हता. तो मांडणीवर राहिला. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखा बाई तो लखलखीत ठेवत, पण त्यात स्वतःचं कधी काही ठेवलं नाही.

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, चुकलं का?"

त्या वर्तमानपत्रात कप गुंडाळत होत्या. तो गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या, "वडिलांनी सांगितलं तसं मी वागले. पण वडिलांना कुंदा कुठे माहीत होती?"

मग म्हणाल्या, "आता ती जावयाकडे चालली. शीवला. मी दादरला. इतकी वर्षं बोलत नव्हतो, पण सकाळी तिचा नळ सुटलेला ऐकू यायचा. कपडे वाळत घालताना बांगड्या वाजायच्या. आता तेही नाही."

हे लिहू का, असं मी विचारलं.

"लिही. पण छापायच्या आधी कुंदाला वाचून दाखव. ती नको म्हणाली तर एवढा भाग काढून टाक."

"आणि डबा?"

बाईंनी पुढचा कप घेतला.

लेख मी इथे असा संपवला होता: परबबाईंनी आम्हाला स्वतःचं म्हणून काही शिकवलं नाही. आजीचं, आईचं, वडिलांचं जे त्यांच्याकडे आलं, ते त्यांनी वापरून पाहिलं, जिथे पुरलं नाही तिथे पुरलं नाही असं सांगितलं, आणि आपलं थोडं त्यात घालून पुढे दिलं. ज्या नियमाने भांडी परत केली त्याच नियमाने. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना यापुढेही जिने चढू द्यावेत. डोळ्यांना फळा दुरून वाचता यावा. झोप शांत लागावी, सकाळी चहाला कुणीतरी सोबत असावं, आणि ज्यांना त्या हाक मारू इच्छितात ती माणसं पुष्कळ, पुष्कळ वर्षं हाकेच्या अंतरावर राहावीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंदाताईंच्या दारात उभी होते. त्यांनी मला आत घेतलं. बसायला खोकंच होतं. मी वाचायला लागले. त्या चष्मा न लावता समोर पाहत ऐकत होत्या. झाडाच्या ठिकाणी हसल्या. वेणीच्या ठिकाणी म्हणाल्या, "तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही दोघी आळीपाळीने विंचरायचो." मग मी त्यांच्याबद्दलचा भाग वाचला.

"खोटं आहे," म्हणाल्या.

मी कागद खाली ठेवला.

"नारळाच्या वड्या नव्हत्या त्यात. लाडू होते. बेसनाचे."

वर मी लाडू असं लिहिलं आहे. पहिल्या खर्ड्यात वड्या होत्या. बाईंनी मला तसं सांगितलं होतं.

"आणि मी हात लावला नाही म्हणते? लावला. झाकण उघडून बघितलं मी. माझ्या आवडीचे केलेन, म्हणून तर जास्त राग आला."

तेही मी दुरुस्त केलं आहे.

"जावई चांगला आहे माझा," कुंदाताई म्हणाल्या. "त्याच्यावर माझा राग नव्हताच. स्मितावर होता, तो गेला. पण ही रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होती. रोज. मी हिला पोरीसाठी आलेली स्थळं सांगत होते, आणि ही ऐकत होती."

"बाईंनाही ते..."

"ठाऊक आहे गं. तिचा बाप तसाच. मेला तरी कुणाचं सांगितलं नसतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. लावला नाही. "मी नको म्हटलं तर काय करायचं म्हणाली ती?"

"हा भाग काढून टाकायचा."

"आणि डबा?"

"त्यावर काही बोलल्या नाहीत."

"सामान बांधलं ना तिनं?"

"जवळजवळ सगळं. डबा अजून बाहेर आहे. वरच्या फळीवर."

गॅलरीत कुणाचं तरी कपाट चौघं मिळून उतरवत होते. "सांभाळ रे, कोपरा, कोपरा!" असं ओरडणं चाललं होतं. कुंदाताई ते ऐकत राहिल्या. कपाट जिन्यावरून खाली गेलं.

"छाप," त्या म्हणाल्या. "पण लाडू लिही."

मी बाईंना जाताना एवढंच सांगितलं की त्यांनी परवानगी दिली आहे, आणि वड्या नव्हत्या, लाडू होते. "हो," बाई म्हणाल्या. "लाडूच होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेलं सामान बांधायला बाईंकडे गेले. मी खोक्याला दोरी बांधत होते. दार उघडंच होतं. कुंदाताई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. हातात काही नव्हतं.

"माझो डबो दी," त्या म्हणाल्या.

बाईंनी वरच्या फळीवरून डबा काढला. तो छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"रिकामो देवचंय नाय."

"मगे भर. मी थांबतंय."

"लाडू करू?"

"दात खय रवले, गो, लाडू खावक? शिरो कर."

कढई खोक्यात गेली होती. मी दोरी सोडली. साजूक तूप आणि साखर बाहेरच होती, रवा शेजारून आणला. बाईंनी गॅस पेटवला. कुंदाताई आत आल्या आणि पुस्तकांच्या खोक्यावर बसल्या.

रवा भाजायला वेळ लागतो. त्या बसून राहिल्या.